वगळलेला ठोका

वर्षभर मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. आज लिहितेय, कारण आता न लिहिण्याची भीती जास्त वाटते.

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या घरातली, माझ्या थोरल्या नणंदेची. यात ना अंधार आहे, ना पडकं घर. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, माणसांच्या गराड्यात. सुरुवात झाली एका मंगळवारी दुपारी सव्वादोन वाजता, एका ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. माझ्याशी वाद घालायला येऊ नये, माझ्याकडे उत्तरं नाहीत.

नणंदेला मी वन्सं म्हणते. त्यांनी लग्न केलं नाही. घरात आम्ही पाच जण. सासरे, माझा नवरा, मी आणि आमची मुलगी. वन्संचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही, हेही आधीच सांगून टाकते. नाकावर माशी बसू देणार नाहीत असा स्वभाव. माझ्या हातचं आवडलं तर जास्तीत जास्त "मीठ बरोबर आहे" म्हणतील. त्यामुळे त्यांच्या प्रेमापोटी मी काही रचून सांगतेय, असा कोणी समज करून घेऊ नये.

वन्सं एका कंपनीत होत्या. हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या उशाशी जो मॉनिटर असतो ना, हृदयाचे ठोके दाखवणारा, त्याचं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची.

आता थोडं कामाचं सांगते. मलाही ते वन्संनीच समजावलं, तेव्हा घाबरू नका.

असं सॉफ्टवेअर एकट्याचं नसतं. तयार तुकडे आणून त्यात बसवलेले असतात. त्यांना पॅकेज म्हणतात. एक पॅकेज दुसऱ्याच्या जिवावर चालतं, दुसरं तिसऱ्याच्या. कोण कोणाच्या आधाराने उभं आहे याचा एक नकाशा काढतात. प्रत्येक पॅकेजचं एक वर्तुळ, आणि वर्तुळांना जोडणाऱ्या रेघा. त्याला डिपेंडन्सी ग्राफ म्हणतात. आपण नकाशाच म्हणू.

यातली काही पॅकेजं फक्त बनवताना आणि तपासताना लागतात. घर बांधताना बाहेरून परांची बांधतात, तशी. घर तयार झालं की परांची उतरवतात, घरमालकाला देत नाहीत. अशांना डेव्ह पॅकेज म्हणायचं. नकाशा काढताना एका चौकटीत खूण केली की सगळी डेव्ह पॅकेजं वगळली जातात, आणि ग्राहकाला फक्त खऱ्या मालाचा नकाशा दिसतो. हॉस्पिटलांना माल पाठवण्याआधी असा नकाशा काढून सही करणं, हे वन्संचं काम होतं.

तिथे तपासणीला एक माणूस होता. पन्नाशीच्या आतला, एकटा राहणारा, बारीक आवाजाचा. कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात पास करायचा नाही. म्हणून सगळे त्याला मागून आडकाठी म्हणत. वन्सं तोंडावरही म्हणत.

मॉनिटर तपासायला दर वेळी पेशंट कुठून आणायचा? म्हणून आडकाठीने एक पॅकेज लिहिलं होतं. नकली ठोक्यांचं. नकली म्हणजे ठोके खरेच होते, त्याचे स्वतःचे. बोटाला सेन्सर लावून तासभर बसला आणि आपलं हृदय नोंदवून ठेवलं. मिनिटाला बहात्तर. दहा ठोके सरळ... आणि अकरावा किंचित अडखळलेला.

"जन्मापासूनची चूक आहे," तो हसून सांगायचा. "डॉक्टर म्हणतात, हिने काही बिघडत नाही."

माल पाठवायचा दिवस आला. वन्संनी नकाशा काढला, तर त्यात एक वर्तुळ लाल. आडकाठीचं पॅकेज. तपासणीची परांची खऱ्या घराच्या भिंतीत चिणली गेली होती. मालातलं दुसरं एक पॅकेज नकळत तिच्या आधाराने चालत होतं. सोडवायला दोन आठवडे लागले असते. साहेब तर सकाळपासून डोक्यावर बसले होते.

वन्संनी काय केलं? त्या पॅकेजचं नाव डेव्हच्या यादीत टाकलं आणि चौकटीत खूण केली.

लाल वर्तुळ नकाशातून गेलं. माल होता तसाच राहिला.

आडकाठीच्या ते लगेच लक्षात आलं. सगळ्यांसमोर त्याने विषय काढला.

"मॅडम, तुम्ही ते नकाशातून काढलंत. मालातून नाही काढलंत."

"मला शिकवू नका."

"शिकवत नाही, सांगतोय. उद्या एखाद्याच्या बोटातून सेन्सर निसटला, तर पडद्यावर सरळ रेघ यायला हवी. हा मॉनिटर माझे ठोके दाखवेल. माणूस तिकडे गेलेला असेल आणि पडद्यावर मी चालू असेन."

"दोन आठवड्यांत पुढची आवृत्ती देऊ, तेव्हा बघू. तोवर कोणाचं काही निसटत नाही."

"सही नका करू, मॅडम. हात जोडतो."

वन्संच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या जे बोलल्या ते त्यांनी मला शब्दाशब्दाने सांगितलंय.

"तुमचं काम माल बनेपर्यंत. माल बाहेर पडला की तुमचा त्याच्याशी संबंध काय? पॅकेज सोडा, तुम्ही स्वतःच डेव्ह आहात. बनवताना लागता, नंतर तुम्हाला कोणी विचारत नाही."

सगळे हसले. साहेबही हसले.

तो हसला नाही. वन्संकडे बघत राहिला, अगदी शांतपणे.

"बरं," म्हणाला. "वगळून बघा."

त्याच दुपारी वन्संनी त्याला त्या कामातून काढलं. फोनवरच्या ग्रुपमधून काढलं. रोज सकाळी मीटिंगमध्ये जी नावं वाचतात, त्या यादीतूनही काढलं. वार होता शुक्रवार.

सोमवारी तो आला नाही. यादीत नाव नाही, तर विचारणार कोण?

मंगळवारी आला नाही. बुधवारी नाही.

गुरुवारी त्याच्या घरमालकाने दार उघडलं. स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता, हात फोनच्या दिशेने. डॉक्टरांचा अंदाज असा, की पडला रविवारी आणि जीव गेला सोमवारी दुपारनंतर. सोमवारी सकाळी ऑफिसमध्ये कोणी नुसतं "तो कुठंय?" म्हणालं असतं, तरी तो वाचला असता.

त्या गुरुवारी वन्सं घरी आल्या, जेवल्या, मीठ बरोबर आहे म्हणाल्या आणि झोपायला गेल्या. आम्हाला एका अक्षराने कळू दिलं नाही.

मन मात्र खात असणार. कारण पुढचे दोन आठवडे त्यांनी कोणाला न सांगता ते पॅकेज मालातून खरोखर उपटून काढलं. एकेक रेघ सोडवली. नवी आवृत्ती सगळ्या हॉस्पिटलांना पाठवली. पडद्याच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा असतो, तो बदलला.

संपलं, असं त्यांना वाटलं.

मग तो मंगळवार आला.

दुपारचे सव्वादोन. बाकीचे जेवून परतत होते. वन्सं तपासणीच्या खोलीत एकट्याच. छोटी खोली, एक टेबल, एक फिरती खुर्ची, टेबलावर मॉनिटर. त्यात नवी आवृत्ती. सेन्सर कोणाच्याही बोटाला नाही, टेबलावर पडलेला. पडद्यावर सरळ हिरवी रेघ. जशी हवी तशी.

एक मिनिट गेलं.

आणि...

टिक.

वन्संनी मान वर केली. रेघेला एक उंचवटा आला होता.

टिक. टिक. टिक.

त्यांनी मोजायला सुरुवात केली. नको वाटत असताना मोजत गेल्या. आठ. नऊ. दहा...

अकरावा अडखळला.

वन्संनी मॉनिटरची वायर भिंतीतून उपसली. मागची बॅटरी काढून टेबलावर ठेवली. पडदा काळा झाला.

टिक. टिक. टिक.

आवाज आता मॉनिटरमधून येत नव्हता... मागून येत होता. फिरत्या खुर्चीच्या बाजूने, बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवरून.

खुर्ची रिकामी होती. पण ती टेबलाकडे तोंड करून होती, आणि आता हळूहळू वन्संकडे वळत होती.

त्या बाहेर कशा आल्या ते त्यांना आठवत नाही. आपल्या जागेवर येऊन बसल्या. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी त्या आवृत्तीचा नकाशा उघडला. डेव्ह वगळायची खूण केलेली होतीच. यादीत पॅकेजं दोनशे अकरा. त्यांनी वर्तुळं मोजली.

दोनशे बारा.

एका वर्तुळाला नाव नव्हतं. त्याच्या आधाराने कुठलंच पॅकेज चालत नव्हतं. त्यातून एकच रेघ निघाली होती. ती बाकी सगळ्या वर्तुळांना टाळून खाली जात होती. वन्सं नकाशा सरकवत गेल्या आणि रेघ पुढे पुढे जात राहिली. अगदी खालच्या कोपऱ्यापर्यंत, जिथे नकाशा काढणाऱ्याचं नाव छापलेलं असतं.

रेघ वन्संच्या नावाला येऊन टेकली होती.

त्यांनी शेजारच्या मुलीला हाक मारली. ती बघून म्हणाली, "दोनशे अकराच आहेत की, मॅडम. पण खाली तुमचं नाव नाही आलं. असं कसं झालं?"

कोपरा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दाराने वन्संचं कार्ड ओळखलं नाही. त्यानंतरच्या दिवशी मीटिंगमध्ये नावं वाचली गेली, त्यात त्यांचं नव्हतं. साहेबांनी समोर बसलेल्या वन्संच्या डोक्यावरून पाहिलं आणि मीटिंग संपवली. आठवड्याने त्या डबा खायला गेल्या, तेवढ्यात त्यांच्या टेबलावर दुसऱ्या कोणाचं सामान आलं. "मॅडम, सॉरी हं, आम्हाला वाटलं ही जागा रिकामीच आहे," तो माणूस म्हणाला. पाच वर्षं त्यांच्या शेजारी बसत होता तो.

वन्संनी घरी एवढंच सांगितलं, की ऑफिसात कोणी नीट वागत नाही. मी मनात म्हटलं, बरी खोड मोडली. खोटं कशाला बोलू, मला गंमतच वाटली होती.

इथून पुढचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

सासऱ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. साधंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला वन्सं आणि मी त्यांच्या खोलीत होतो. सासरे झोपलेले. पांघरूण गळ्यापर्यंत. उशाशी मॉनिटर, वन्संच्याच कंपनीचा. नर्स डोकावली, पडद्याकडे बघितलं.

"बहात्तर. छान आहे सगळं," म्हणाली आणि गेली.

मी थर्मास उघडत होते. वन्सं पडद्याकडे टक लावून बसल्या होत्या. त्यांची बोटं एकेक करून मिटत होती. मला वाटलं, जप वगैरे करतायत की काय. वन्सं आणि जप, म्हणजे कमालच.

मग त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"वहिनी," त्या म्हणाल्या. "पांघरूण काढा."

"अहो, झोपलेत ते..."

"काढा म्हणते ना."

मी पांघरूण बाजूला केलं. सेन्सर सासऱ्यांच्या बोटाला नव्हता. गादीवर पडला होता, एकटाच.

पडद्यावर बहात्तर.

टिक. टिक. टिक.

वन्संनी वडिलांचं मनगट धरलं. मग गळ्यावर बोटं ठेवली. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. नवीच आवृत्ती होती, पॅकेज काढून टाकलेली. त्यांनी तो आकडा दोनदा मोठ्याने वाचला.

"नाहीये," म्हणाल्या. "वहिनी, बाबांचा ठोका नाहीये. हा त्याचा आहे."

मी पळत सुटले. डॉक्टर आले, नर्स आल्या, आम्हाला भिंतीशी ढकललं. ते छाती दाबत होते आणि मॉनिटर शांतपणे बहात्तर सांगत होता. शेवटी डॉक्टर खेकसले, "ते बंद करा आधी." कोणीतरी वायर उपसली, बॅटरी काढली. पडदा गेला.

आवाज गेला नाही. तो मी ऐकलाय. खोलीत सहा माणसं होती, पण मान वर केली ती फक्त आम्ही दोघींनी.

वन्सं भिंतीला पाठ लावून हळू आवाजात बोलत होत्या. मी शेजारी होते म्हणून ऐकू आलं. "माझं चुकलं. बाबांना सोड. मला काढ. मला काढून टाक, पण त्यांना सोड."

आवाज थांबला.

सासऱ्यांनी मोठा श्वास घेतला.

ते वाचले. नर्सने दुसरा मॉनिटर आणला, दुसऱ्या कंपनीचा, आणि सेन्सर बोटाला लावला. बहात्तर. दहा ठोके सरळ... आणि अकरावा अडखळलेला.

डॉक्टर म्हणाले, "हे आधीच्या रिपोर्टात नव्हतं. होतं कधी कधी असं. काळजीचं कारण नाही." मॉनिटर कंपनीने नेऊन उघडला. त्याच्या नोंदीत ती सगळी मिनिटं सरळ रेघ होती, आणि सरळ रेघ आली की भोंगा वाजायला हवा. तो का वाजला नाही, हे आजतागायत कोणी सांगू शकलेलं नाही.

सासरे आठव्या दिवशी घरी आले. डोकं तल्लख. जुने फोन नंबर पाठ, नातीचा अभ्यास घेतात, माझ्या चुका काढतात. शेजारच्या आजोबांशी गप्पा मारत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"एकच मुलगा," सासरे म्हणाले.

वन्सं समोरच्याच खुर्चीत होत्या.

आम्हाला वाटलं थट्टा करतायत. वन्सं उठून जवळ गेल्या, "बाबा" म्हणाल्या. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. जरा वेळाने मला म्हणाले, "सूनबाई, ती खुर्ची कशाला अडवून ठेवलीये? कोणी बसत तर नाही तिच्यावर."

त्या दुपारी वन्संनी स्वयंपाकघरात खाली बसून मला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं. इतकी वर्षं मनात धरलेलं माझं सगळं तिथेच गळून पडलं. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "वन्सं, मी आहे ना."

"तुम्ही किती दिवस असाल, वहिनी?" त्या म्हणाल्या. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

नोकरी त्यांनी सोडली. सोडली म्हणजे राजीनामा द्यायला गेल्या, तर तिथे कोणी घ्यायलाच तयार नव्हतं. कंपनीच्या कागदांवर या नावाचं कोणी नव्हतंच.

मध्यंतरी नवरा एकदा म्हणाला, "ती कोपऱ्यातली खोली नुसती पडून आहे, तिथे अभ्यासाचं टेबल टाकू." मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याने जीभ चावली, पण चावायला जरा वेळ लागला.

मी स्वतःला बजावलं होतं, बाकी जगाचं काहीही होवो, आपण विसरायचं नाही. रोज सकाळी उठले की आधी वन्संना हाक मारायची. पाच ताटं घ्यायची. मोजून.

परवा दुपारी आम्ही जेवायला बसलो. अर्धं जेवण झालं होतं. सासऱ्यांना वाढायला म्हणून वळले, तर दारात वन्सं उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मीही पाहिलं.

मी चार ताटं घेतली होती.

त्यांनी स्वतःचं ताट स्वतः घेतलं, ओट्याशी उभ्यानेच जेवल्या. जाताना माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे."

हात लागलेला कळला. पण अगदी हलका... पंख्याचा वारा लागावा इतका.

म्हणून हे सगळं लिहायला घेतलं. लिहिलेलं तरी राहील, असं वाटलं.

आत्ता लिहून झाल्यावर वरपासून वाचून काढलं. सुरुवातीलाच मी म्हटलंय, घरात आम्ही पाच जण. पुढे माणसं सांगितली आहेत. मोजून बघा.

चारच आहेत.

मी वन्संना लिहायला विसरले होते. मुद्दाम नाही, माझ्या मुलीची शपथ. लगेच वर जाऊन दुरुस्त केलं. परत वाचलं, तर चारच. परत दुरुस्त केलं.

आत्तापर्यंत तीन वेळा केलंय.